अकरा मिनिटं

३ सप्टेंबर, मंगळवार

वही जुनी आहे. पहिल्या चाळीस पानांवर लिफ्टच्या तपासणीच्या नोंदी आहेत, कुठला दोर किती झिजला, कुठल्या ब्रेकची पट्टी कधी बदलली. पुढची पानं कोरी राहिली होती, म्हटलं वाया कशाला घालवायची. मी सातवी शिकलेला लिफ्टमिस्त्री. शुद्धलेखन तपासायला आता कोणी येणार नाही.

मुलगा आज परत गेला. चार दिवस होता आणि चारही दिवस शिडीवर. प्रत्येक खोलीच्या छताला कोपऱ्यात त्यानं एकेक पांढरी डबी चिकटवली. बाहेरच्या दाराला एक चकती, गॅसच्या नळीला एक. हॉलमध्ये एक बोलकी डबी. या सगळ्या तारेशिवाय एकमेकींशी बोलतात आणि तिकडे त्याच्या फोनला चहाडी करतात. एवढी वर्षं मी तारा ओढल्या, आणि माझा मुलगा तारा नसलेल्या वस्तू जोडतो.

छताची डबी फोटो काढत नाही, हे त्यानं मला तीनदा सांगितलं. अंगाची ऊब हलली की तिला कळतं, मग पोटातला लाल दिवा एकदा लुकलुकतो. मी घरात असताना अकरा मिनिटं काही हललं नाही, की त्याच्याकडे घंटा वाजते. रात्री दहा ते सकाळी सहा सूट. म्हणजे झोपायची परवानगी आहे.

"अकराच का रे?" मी विचारलं. "दहा ठेव, पंधरा ठेव. अकरा हा काय आकडा झाला?"

तो शिडीवर स्क्रू पिळत होता. पिळून झालेला स्क्रू पुन्हा पिळला. "असू दे अकरा," म्हणाला.

फक्त सामानाच्या खोलीत डबी नाही. "तिथे तुम्ही कशाला जाताय," म्हणाला.

जाताना टेबलावर एक फॉर्म ठेवून गेला. त्याच्या घरापासून दोन रस्त्यांवर म्हाताऱ्यांचं निवास आहे. जूनमध्ये मला जिन्यात घेरी आली होती, तेव्हापासून तो ते घेऊन बसलाय. "आणखी एकदा काही झालं ना बाबा, तर मी विचारणार नाही. सही घेईन आणि नेईन."

माझं घर, माझ्या हातानं बसवलेल्या कड्या. आणि मी हललो की नाही हे दुसऱ्या गावात कळणार.

५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी साडेसातला मी पलंगाच्या बायकोच्या बाजूला गुडघे टेकतो. ती असताना ती टेकायची, मी खुर्चीत बसून आमेन म्हणायचो. ती एप्रिलमध्ये गेली, तेव्हापासून मी टेकतो. गुडघे कुरकुरतात, पण एकदा बसलं की बसलं.

आज फोन वाजला. उठता उठता पलंगाची कड कपाळाला लागली.

"बाबा, काय झालं? हलत का नाही?"

"प्रार्थना करतोय."

"इतका वेळ?"

"देव काय तुझ्यासारखा घाईत असतो?"

"बरं बरं. मध्येच जरा हात वर करत जा."

प्रार्थनेत हात वर करायचा. म्हणजे शाळेत लघवीला जायचं असल्यासारखं.

खरं इथे लिहितो, कारण वही चहाडी करत नाही. माझी प्रार्थना होतच नाही. पहिली दोन वाक्यं नीट येतात, तिसऱ्यावर अडकते. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकावी तशी. मग मी नुसता डोकं टेकून राहतो. तिसरं वाक्य कोणतं ते लिहीत नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

पेपर वाचताना दर थोड्या वेळानं हात हलवतो, कोणाला टाटा करावा तसा. खालच्या शिंपीणबाई ब्लाउजचं माप घ्यायला समोरच्या घरी आल्या होत्या, त्यांनी खिडकीतून उलट टाटा केला. टेबल फार डुगडुगतंय.

८ सप्टेंबर, रविवार

चर्चमध्ये उपासनेला गेलो. बाहेर पडलो की दाराची चकती सांगते, आत आलो की सांगते. पाळकसाहेब तरुण आहेत, पोरसवदाच. आजचा उपदेश होता की प्रभू आपल्याला सतत पाहतो. माझ्या शेजारच्या बाकावरचे सगळे खुशीत माना डोलवत होते. मला घाम फुटला.

घरी येऊन विचार केला. लिफ्टच्या खाली एक जबडा असतो. दोर तुटला, वेग वाढला, की तो रुळाला चावतो आणि लिफ्ट जागीच थांबते. माणसं वर्षानुवर्षं वर-खाली करतात, जबडा कोणी बघितलेला नसतो. मी लोकांना सांगायचो, श्रद्धा म्हणजे हेच. दिसत नाही, पण त्याच्यावर उभे आहात. पाळकसाहेबांनाही एकदा सांगितलं होतं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. पण जबडा पाहत बसत नाही. वेळेला धरतो. मग हे पाहणं कशासाठी, आणि धरणारा कोण? सातवीच्या डोक्याला झेपत नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार

काल संध्याकाळी सुचलं आणि आज दिवसभर हात शिवशिवत होते. डबीला काय लागतं? ऊब, आणि तिचं हलणं. माणूसच पाहिजे असं तिचं काही म्हणणं नाही.

जुना टेबलफॅन काढला, तो मान फिरवणारा. जाळी आणि पाती काढून टाकली, मान तेवढी ठेवली. मानेला आडवी दांडी हवी होती. घरभर शोधली. शेवटी सामानाच्या खोलीच्या दाराचं हँडल उघडलं, त्यातली चौकोनी दांडी अगदी मापात बसली. त्या दाराला आता हँडलं नुसती शोभेला आहेत, पण उघडंच असतं ते दार, अडचण काय. दांडीला तिची शेकायची रबरी पिशवी बांधली, गरम पाणी भरून. बटण दाबलं. पिशवी डावीकडे गेली, उजवीकडे गेली. बारा सेकंदांत एक फेरी. छताचा लाल दिवा लुकलुकला.

मी खुर्चीत पुतळ्यासारखा बसून राहिलो. पाऊण तास. फोन नाही.

नाव ठेवलं सभासद. आमच्या मंडळीच्या कमिटीत एक गृहस्थ आहेत, कोणी काहीही म्हणो, मान डोलवतात. तेच हे.

१२ सप्टेंबर, गुरुवार

साडेसातला सभासद चालू, आठ-सव्वाआठला बंद. दोन दिवस शांतता. बोलकी डबी ऐकते म्हणतात, म्हणून प्रार्थनेच्या वेळी तिच्यावर उशी ठेवतो. सभासदाच्या हेलकाव्यानं टेबल आणखीच डुगडुगायला लागलं, एक जाडसर कागद घडी करून पायाखाली सारला.

तिसरं वाक्य अजून अडकलेलंच. मग फोनला दोष देत होतो तो खोटाच.

१५ सप्टेंबर, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेबांना बाजूला घेऊन विचारलं, "यंत्राला फसवलं तर पाप लागतं का?"

"यंत्राला फसवलं, की यंत्राच्या मागे बसलेल्याला?"

म्हटलं, "सहज विचारलं." तर म्हणाले, "काका, सहज विचारणारी माणसं टोपी अशी पिळत नाहीत."

घरी आलो तर चैन पडेना. तिचा फोन मी अजून चार्ज करून ठेवतो. उघडला. तिचा शेवटचा फोन मुलालाच केलेला आहे, एप्रिलच्या त्या दिवशी, अकरा चौदाला. त्यानं उचलला नाही. मग अकरा पंचवीसला त्याचा आला, तो इकडे कोणी उचलला नाही. मायलेकांची चुकामूक झाली. काहीतरी सांगायचं असेल तिला, आंब्याच्या फोडी पाठवल्या वगैरे. त्यानं नंतर दोन-तीनदा मला विचारलं होतं, "आईच्या हातात फोन होता का हो?" मी हो म्हणालो. त्याला त्याचं काय इतकं, कळलं नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

पिशवी दीड तासात निवते. इंजिनियरचा बाप मी, सुधारणा केली. तिची लोकरीची शाल पिशवीच्या पाठीला गुंडाळली, डबीकडची बाजू उघडी ठेवली. आज मोजलं. साडेसातला उकळतं पाणी भरलं ते बारापर्यंत दिवा लुकलुकत होता. साडेचार तास! कोणाला सांगावं असं वाटलं. सांगणार कोणाला.

फक्त फॅनची मान कर्र कर्र करते. उद्या ग्रीस लावायचं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

कालचं लिहितो.

साडेसातला पिशवी भरली, सभासद चालू केला, बोलक्या डबीवर उशी ठेवली, फोन पलंगावर ठेवला आणि गुडघे टेकले. पण ते कर्र कर्र डोक्यात जायला लागलं. म्हटलं ग्रीस आत्ताच लावू. ग्रीसचा डबा सामानाच्या खोलीत, वरच्या फळीवर. आत गेलो. हॉलची खिडकी उघडी होती, वारा आला, आणि माझ्यामागे दार धाडकन लागलं.

मी हँडल दाबलं. हँडल हातातच आलं. चौकोनी दांडी सभासदाच्या मानेत.

क्षणभर मला हसू आलं. अडतीस वर्षं लोकांना बंद पेट्यांतून काढलं, आणि मी अडकलो तो माझ्याच घरात, मीच मोडलेल्या दारामागे. मग हसू गेलं. दिव्याचं बटण बाहेर. दाराखाली बोटभर उजेड. हाका मारल्या, बोलक्या डबीवर उशी. दार बडवलं, खाली शिंपीणबाईंचं मशीन चालू, त्यांना त्यांचंच ऐकू येईना. खिडकी नाहीच. दार जाड, चांगल्या लाकडाचं. मीच निवडून आणलेलं.

आणि बाहेर सभासद मान डोलवत होता. कर्र, कर्र. सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे. मुलाच्या फोनवर मी घरभर हिंडत असणार. साडेचार तास! कालच मोजले होते. मी मोठ्या बुद्धीनं मोजले होते.

घड्याळ उजेडाजवळ धरून बघितलं. आठ वाजून पाच. पिशवी निवणार बाराला. त्यानंतर अकरा मिनिटं. मी जमिनीवर बसलो.

अंधारात श्वास पुरत नाही असं वाटतं, पुरतो, पण वाटतं. लिफ्टमधली माणसं मला हेच सांगायची. आणि मला माझ्या उस्तादानं पहिल्या दिवशी जे शिकवलं होतं ते आठवलं. पान्याला हात लावायच्या आधी आतल्या माणसाशी बोलायचं. किती वेळ लागेल ते नंतर. आधी त्याला कळलं पाहिजे की बाहेर कोणीतरी आहे. मी दाराला तोंड लावून म्हणायचो, "घाबरू नका, मी मिस्त्री बोलतोय. खाली बसा. दाराला हात लावू नका. मी इथेच आहे." रडणारी बाई गप्प व्हायची. दार अजून उघडलेलं नसायचं, तरी.

काल हे मला कोण म्हणणार. मग मीच म्हणालो. अंधारात, मोठ्यानं. "घाबरू नका, मी मिस्त्री बोलतोय. मी इथेच आहे."

आणि मग मला ती दिसली, स्वयंपाकघरातल्या फरशीवर. तिच्याशी कोणी बोललं नाही.

आता लिहितोच. मी मागच्या खोलीत रेडिओ दुरुस्त करत होतो. स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी ऐकला. भांडं पडलं असेल म्हटलं. उठलो नाही. कानाला हेडफोन लावले. बाराला पाच कमी असताना चहा मागायला गेलो, तेव्हा ती पडलेली होती, डोळे उघडे होते, माझ्याकडे बघत होती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर. मुलानं विचारलं, "किती वेळ पडून होती?" मी म्हणालो, "आवाज आला तसा धावलो."

हेच ते तिसरं वाक्य. काल ते सुटलं. गुडघे टेकलेले नव्हते, ग्रीसचा डबा मांडीवर होता. मी प्रभूला म्हणालो, मी आवाज ऐकला होता. पुढे काही लागलंच नाही.

दहा वाजले. अकरा वाजले. लघवी आवरली नाही, तेही लिहितो. कर्र कर्र चालूच. ज्या फोनचा इतका राग करत होतो त्याची वाट बघत बसलो. प्रभू, पाणी थंड कर, एवढंच मागत होतो. कोणी कधी असं मागितलं असेल का!

बारा वाजून चौदा मिनिटांनी हॉलमधून उशीखालून घुसमटलेला आवाज आला.

"बाबा! मी बोलतोय. ऐकू येतंय का? घाबरू नका. असाल तिथे खाली बसा, दारं-बिरं बडवू नका. खालच्या काकू चावी घेऊन वर येताहेत. मी इथेच आहे."

मी ओरडलो, पण त्याला कुठे ऐकू जायला. तरी तो बोलतच राहिला. "मी इथेच आहे, बाबा. मी इथेच आहे." हे त्याला कोणी शिकवलं? लहानपणी सुट्टीत माझ्याबरोबर यायचा खरा, डबा घेऊन पायरीवर बसायचा.

शिंपीणबाई आल्या. दाराला हिसके द्यायला लागल्या. मी आतून म्हणालो, "बाई, ओढू नका. कात्री आहे का?"

"कात्री? काका, मी तुम्हाला सोडवायला आलेय, कापायला नाही!"

"हँडलच्या जागी चौकोनी भोक आहे. कात्रीचं टोक घाला आणि उजवीकडे फिरवा."

दार उघडलं. त्यांनी माझी पँट बघितली आणि न बघितल्यासारखं केलं. चांगली बाई. मग सभासदाकडे बघितलं. "अगं बाई, याला शाल पांघरलीय?"

मी उशी उचलली. मुलगा म्हणाला, "बाबा, बारा-बारा सेकंदांनी कोणी माणूस हलत नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हटलं, प्रार्थनेला तेवढा वेळ हवाय तुम्हाला, घेऊ दे. आज आठला बघितलं, तेच बारा सेकंद. कालही बारापर्यंत होतं. म्हटलं, काहीतरी मोठं मागताहेत. आणि मी मीटिंगला गेलो." त्याचा आवाज फाटला. "मी पुन्हा मीटिंगला गेलो, बाबा."

पुन्हा का म्हणाला, कळलं नाही. मी थांबलो असतो तर कधीच बोललो नसतो, म्हणून शिंपीणबाई पाणी आणायला वळल्या तेवढ्यात म्हणालो, "तुझी आई चाळीस मिनिटं पडून होती. मी आवाज ऐकला होता. उठलो नाही. तुला खोटं सांगितलं."

तो म्हणाला, "नंतर बोलू," आणि बोलक्या डबीचा निळा दिवा गेला.

२१ सप्टेंबर, शनिवार

फोन नाही. चौकोनी दांडी दाराला परत बसवली.

२५ सप्टेंबर, बुधवार

सहा दिवस झाले. फॉर्मवर सही घ्यायला तो कधीही दारात उभा राहील. त्याचं चुकणार नाही, दोन गुन्हे झाले माझे. लाल दिवा लुकलुकतो. मी हललो हे तिकडे कळतं, पण कोण बघतंय, तो की नुसतं यंत्र? आधी हे घर मला पिंजरा वाटत होतं. आता पिंजऱ्याबाहेर कोणी उभंच नसेल, अशी भीती वाटते. हात हलवून बघितला. टाटा. काही नाही.

प्रार्थना मात्र होते. तिसरं वाक्य म्हणतो आणि पुढे जातो. पुढे काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

आज सकाळी ठरवलं. गुडघे टेकले, घड्याळ समोर ठेवलं आणि हललो नाही. कपाळावर माशी बसली तरी हललो नाही. आठ मिनिटं. नऊ. पाय बधिर झाले. दहा. मनात म्हटलं, घंटा वाजली आणि त्यानं उचललीच नाही तर?

अकराव्या मिनिटाला फोन वाजला.

"बाबा," तो म्हणाला. "जरा हला."

"आधी बोल," मी म्हणालो. "मग हलतो."

मी फोन कानाला लावून गुडघ्यांवर तसाच.

"बोलतोय," तो म्हणाला. मग म्हणाला, "चाळीस तुमची नाहीत सगळी. त्यातली अकरा माझी आहेत."

काय म्हणाला ते मला नीट कळलं नाही, यंत्रातलं काहीतरी असावं. पण त्याचा आवाज असा होता की विचारायचं धाडस झालं नाही. मी म्हणालो, "बरं, अकरा तुझी." तर तिकडे तो रडायला लागला. एवढा मोठा इंजिनियर. मी त्याला म्हणालो, घाबरू नकोस, मी इथेच आहे. दुसरं मला काय येतं.

थोड्या वेळानं नाक शिंकरून म्हणाला, "तो निवासाचा फॉर्म कुठे आहे?"

खरं सांगितलं, आता सवय लागलीय. "टेबलाच्या पायाखाली आहे. चार घड्या करून. डुगडुगत होतं."

"आता डुगडुगतं?"

"नाही."

"मग असू दे तिथेच," म्हणाला. "हला आता, बाबा."

हललो. कोपऱ्यातला दिवा लुकलुकला.

"दिसलं," तो म्हणाला.